रक्ताची दुरुस्ती : फॅन्कोनीच्या रक्तक्षयावरील जनुकचिकित्सेच्या चाचण्यांचा इतिहास

इ. स. १९२७ मध्ये झुरिच येथील बालरोगतज्ज्ञ गुइदो फॅन्कोनी यांनी एका जर्मन नियतकालिकात एकाच कुटुंबातील तीन भावांची हकीकत प्रसिद्ध केली. तिन्ही मुले पाच ते सात वर्षांच्या वयात रक्तक्षयाने दगावली होती. लहान डोके, त्वचेवरील तपकिरी छटा अशी काही जन्मजात लक्षणेही त्यांच्यात आढळली होती. एका घरातील तीन मुलांचा हा अंत केवळ योगायोगाचा नसून त्याचे मूळ वंशपरंपरेत असले पाहिजे, ही गोष्ट या लेखाने वैद्यकाच्या नजरेस आणून दिली. त्यानंतर सुमारे नव्वद वर्षांनी माद्रिद येथे याच रोगाने ग्रस्त अशा काही मुलांच्या रक्तपेशी शरीराबाहेर काढून त्यांत निर्दोष जनुक घालण्यात आले आणि त्या पेशी त्यांच्या शरीरात परत सोडण्यात आल्या. या दोन घटनांमधील मार्ग सरळ नव्हता, आणि तो ज्या ठिकाणी आज येऊन थांबला आहे ते ठिकाण कोणी अपेक्षिलेले नव्हते.

फॅन्कोनी यांचा जन्म १८९२ साली ग्राउब्युंडेन प्रांतातील पोस्क्यावो या इटालियनभाषक खोऱ्यात झाला. लेखन मात्र झुरिचच्या जर्मनमध्ये झाले. रोगाला त्यांनी दिलेले नाव बरेच लांब होते. 'घराण्यात आढळणारा, बालवयातील, पर्निशियससदृश रक्तक्षय' असा त्याचा आशय सांगता येईल. प्रौढांना होणारा पर्निशियस, म्हणजे घातक, रक्तक्षय त्या काळी वैद्यकात सर्वपरिचित होता, आणि यकृताच्या आहाराने तो आटोक्यात येतो हे बॉस्टनच्या मायनॉट व मर्फी यांनी आदल्याच वर्षी दाखविले होते. नव्या वस्तूला जुन्या वस्तूच्या साम्याने नाव द्यावयाचे ही भाषेची नेहमीची रीत होय. येथे हे साम्य रक्ताच्या सूक्ष्मदर्शकीय चित्रापुरतेच होते; रोग मुळात वेगळा होता. १९३१ मध्ये नेगेली यांनी या रोगास फॅन्कोनीचेच नाव द्यावे असे सुचविले आणि ते रूढ झाले. व्यक्तिनामावरून पडलेल्या नावाचा एक गुण असा की ते रोगाविषयी काहीच सांगत नाही, आणि म्हणून चुकीचेही काही सांगत नाही. (त्याचा दोषही येथे दिसून येतो. मूत्रपिंडाच्या एका अगदी निराळ्या विकारासही फॅन्कोनीचेच नाव आहे, आणि विद्यार्थ्यांचा घोटाळा अद्याप चालूच आहे.)

मराठीत या रोगसमूहासाठी दोन शब्द प्रचलित आहेत. आयुर्वेदातून आलेला 'पांडुरोग' हा शब्द रोग्याच्या फिकट वर्णावर बोट ठेवतो. 'रक्तक्षय' हा शब्द रक्त झिजते असे सुचवितो. फॅन्कोनीच्या रोगात यांपैकी कोणतीच गोष्ट मूळची नाही. तेथे झिजते ती अस्थिमज्जा. रक्तातील तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठविणाऱ्या बिंबिका या तिन्हींचा उगम हाडांच्या पोकळीतील मोजक्या मूलपेशींत असतो. या मुलांत त्या मूलपेशीच एकामागून एक नाहीशा होत जातात. पाच-सात वर्षांचे होईतो मूल फिकट पडते, अंगावर निळे डाग उमटतात, साध्या ज्वराचा जंतुसंसर्ग हाताबाहेर जातो. मज्जा टिकली तरी पुढे रक्ताच्या कर्करोगाची आणि तारुण्यात तोंड, घसा यांच्या कर्करोगाची भीती उरतेच. 'मज्जाक्षय' हा शब्द अधिक यथार्थ ठरला असता. तथापि शब्द रूढ झाला की त्याचा अर्थ व्युत्पत्तीवर अवलंबून राहत नाही, म्हणून येथे रूढ शब्दच ठेवलेला बरा.

मूलपेशी का नाहीशा होतात, या प्रश्नाचा पहिला धागा १९६४ मध्ये हाती आला. जर्मनीत ट्राउटे श्रोडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांच्या पेशींतील गुणसूत्रे आपोआप तुटतात असे दाखविले. १९७३ मध्ये जपानमधील सासाकी व तोनोमुरा यांनी त्यात महत्त्वाची भर घातली. डीएनएचे दोन धागे परस्परांना जखडून टाकणारी काही द्रव्ये आहेत. मायटोमायसिन-सी हे त्यांपैकी एक. निरोगी पेशी अल्प मात्रेत हे द्रव्य सहन करते, फॅन्कोनीच्या रुग्णाची पेशी मात्र तेवढ्यानेच छिन्नविच्छिन्न होते. पुस्तकाची दोन समोरासमोरची पाने डिंकाने चिकटावीत, तसे हे घडते. निरोगी पेशीजवळ ती पाने न फाडता सोडविण्याची युक्ती असते. या मुलांच्या पेशींजवळ ती नसते. शरीराबाहेरून कोणतेही विष आले नाही तरी अन्नाच्या व मद्याच्या पचनातून निर्माण होणारी ॲल्डिहाइड द्रव्ये हाच उद्योग करीत असतात, असे पुढे २०११ मध्ये केंब्रिजच्या केतन पटेल व सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोगांनी दाखविले. तात्पर्य, मुलाचे स्वतःचे जगणेच त्याच्या मज्जेला विषवत होते.

या शोधाचा एक व्यावहारिक परिणाम लगेच झाला. न्यूयॉर्कमध्ये आर्लीन ऑरबाख यांनी द्रव्याने गुणसूत्रे तुटतात की नाही, यावर निदानाची कसोटी उभारली आणि १९८२ पासून रॉकफेलर विद्यापीठात रुग्णांची आंतरराष्ट्रीय नोंदवही ठेवण्यास आरंभ झाला. दुर्मिळ रोगाच्या बाबतीत नोंदवहीचे महत्त्व शोधाहून कमी नसते. एका देशात चार आणि दुसऱ्यात सात रुग्ण विखुरलेले असता कोणालाही काही सिद्ध करता येत नाही.

दोष कोणत्या जनुकात आहे हे ठाऊक नसतानाच त्याला अक्षरे देण्यात आली, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाला कुतूहलाची वाटेल. दोन भिन्न रुग्णांच्या पेशी एकमेकींत मिसळल्या आणि त्यांच्या संयोगातून झालेली पेशी मायटोमायसिनला पुरून उरली, तर त्या दोघांचे दोष निराळे आहेत; नाही उरली, तर दोष एकच. या साध्या कसोटीवर रुग्णांचे ए, बी, सी, डी असे गट पाडले गेले. म्हणजे चिन्हे प्रथम आली, त्यांचे वाच्यार्थ पुढे अनेक वर्षांनी कळले. 'सी' हे जनुक १९९२ मध्ये टोरोंटो येथे बुकवाल्ड यांच्या प्रयोगशाळेत सर्वप्रथम सापडले. 'ए' हे १९९६ मध्ये. 'डी' या एका अक्षराखाली दोन वेगळी जनुके लपलेली निघाली, आणि त्यांपैकी एक तर स्तनाच्या कर्करोगाच्या संदर्भात आधीच प्रसिद्ध असलेले बीआरसीए-२ हेच होते, असे २००२ मध्ये कळले. आज अशा जनुकांची संख्या वीसच्या वर गेली आहे. तथापि सर्व रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांचा दोष सोळाव्या गुणसूत्रावरील 'ए' या एकाच जनुकात असतो.

टोरोंटोचा शोध ज्या रीतीने लागला ती रीत लक्षात ठेवावयास हवी. संशोधकांनी निरोगी पेशींतील जनुकांचे तुकडे सरसकट रुग्णाच्या पेशींत घातले आणि सगळ्यांवर मायटोमायसिनचा मारा केला. बहुतेक पेशी मेल्या. ज्या जगल्या त्यांच्यात कोणता तुकडा शिरला आहे ते पाहिले. तोच हवा असलेला जनुक. म्हणजे जनुक सापडले त्याच क्षणी, काचपात्रापुरती का होईना, चिकित्साही साधली होती. आता हेच मुलाच्या शरीरात का करू नये, हा प्रश्न त्यामुळे आपोआप पुढे आला.

हा प्रश्न व्यापक अर्थाने जुनाच होता. १९७२ मध्ये फ्रीडमन व रॉब्लिन यांनी 'सायन्स' या नियतकालिकात मानवी आनुवंशिक रोगांवरील जनुकचिकित्सेसंबंधी एक लेख लिहिला, आणि त्याच्या शीर्षकाच्या अंती प्रश्नचिन्ह घातले. त्या प्रश्नचिन्हाकडे सर्वांनीच लक्ष दिले असते तर बरे झाले असते. १९८० मध्ये लॉस एंजेलिस येथील मार्टिन क्लाइन यांनी आपल्या विद्यापीठाची संमती नसताना इझ्राएल व इटली या देशांत थॅलॅसेमियाच्या दोन रुग्णांवर जनुक घालण्याचा प्रयोग केला. थॅलॅसेमिया हाही आनुवंशिक रक्तक्षयच होय. रुग्णांना लाभ झाला नाही. क्लाइन यांना शासकीय अनुदान व पद गमवावे लागले. अधिकृत परवानगीने पहिली चाचणी सप्टेंबर १९९० मध्ये अमेरिकेत झाली, ती प्रतिकारशक्तीच्या एका जन्मजात अभावावर. १९९९ मध्ये फिलाडेल्फिया येथे यकृताच्या विकारावरील चाचणीत अठरा वर्षांचा एक तरुण विषाणूच्या मात्रेने दगावला. पॅरिसमध्ये २००० साली प्रतिकारशक्तिहीन बालकांवरील प्रयोगाला खरेखुरे यश आले. आणि दोनच वर्षांनी त्याच बालकांपैकी काहींना रक्ताचा कर्करोग झाल्याचे आढळले. जनुक वाहून नेणारा विषाणू गुणसूत्रात अशा ठिकाणी जाऊन बसला होता की शेजारचे कर्कजनक जनुक त्यामुळे जागे झाले. पॅरिस व लंडन मिळून वीस मुलांपैकी पाच मुलांना हा रोग झाला.

येथे शब्दाकडे क्षणभर वळणे अप्रस्तुत ठरू नये. इंग्रजी 'थेरपी' या शब्दासाठी मराठीने संस्कृतातील 'चिकित्सा' हा शब्द घेतला आहे. तो 'कित्' या धातूचे इच्छार्थक रूप होय. पाणिनीने अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायात या धातूला 'सन्' प्रत्यय सांगितला आहे, आणि टीकाकारांनी त्याचा व्याधिप्रतीकार हा अर्थ नोंदविला आहे. परंतु धातूचा मूळ भाव जाणण्याचा, पाहण्याचा. 'विचिकित्सा' म्हणजे संशय. मराठीत तर दोन्ही अर्थ आजही जिवंत आहेत : वैद्य रोग्याची चिकित्सा करतो, आणि टीकाकार ग्रंथाची. 'जनुकचिकित्सा' या समासात म्हणूनच एक द्व्यर्थ आहे, आणि तो इंग्रजी शब्दात नाही. पहिल्या टप्प्यातील चाचणीचा अधिकृत हेतू उपचार सुरक्षित आहे की नाही ते पाहणे हा असतो. म्हणजे ती दुसऱ्या अर्थाची चिकित्सा असते. मुलाचे आईवडील तिच्यासाठी संमतिपत्रावर सही करतात ते मात्र पहिल्या अर्थाने. या गैरसमजास वैद्यकीय नीतिशास्त्रात १९८२ पासून स्वतंत्र संज्ञा आहे. कितीही सोप्या भाषेत संमतिपत्रे लिहिली तरी तो गैरसमज पुरता जात नाही. कारण तो केवळ अज्ञानाचा नाही, आशेचाही आहे.

फॅन्कोनीच्या रोगावर पहिल्या चाचण्या 'सी' जनुकाच्या झाल्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जॉन्सन ल्यू व सहकाऱ्यांनी मोजक्या रुग्णांच्या पेशींत जुन्या प्रकारच्या रेट्रोविषाणूच्या साहाय्याने जनुक घातले. त्यांचा वृत्तांत १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. सुधारलेल्या पेशी रक्तात काही काळ दिसल्या आणि मग लोपल्या. सिनसिनाटीच्या गटाने 'ए' जनुकासंबंधी २००७ मध्ये जे लिहिले त्यात निराळ्याच अडचणीची नोंद आहे. गोळा करण्यासाठी मुळात मूलपेशीच पुरेशा मिळेनात. ज्या रोगात मज्जा रिकामी होते, त्या रोगाच्या औषधाचा कच्चा माल त्याच मज्जेतून आणावयाचा, असा हा पेच होता. शिवाय या पेशी शरीराबाहेर काही दिवस ठेवल्या की मरत.

दरम्यान रुग्णांपुढे दुसरा मार्ग होता, आणि तो दुर्लक्षून चालणार नाही. सख्ख्या भावंडाची मज्जा जुळली तर तिचे रोपण करता येते. तथापि रोपणापूर्वी रुग्णाची जुनी मज्जा औषधांनी नष्ट करावी लागते, आणि ही औषधे नेमकी डीएनएचे धागे जखडणारीच असत. फॅन्कोनीच्या मुलांना ती जीवघेणी ठरत. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात एलियान ग्लुकमन यांनी औषधांची मात्रा फार कमी करून हा धोका आटोक्यात आणला. त्यांनीच ऑक्टोबर १९८८ मध्ये फॅन्कोनीच्या एका लहान मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतील रक्त दिले. जगातील नाळरक्ताचे हे पहिले रोपण होते. ते रक्त इंडियाना येथील हाल ब्रॉक्समेयर यांच्या प्रयोगशाळेत गोठवून ठेवून अटलांटिकपलीकडे नेण्यात आले होते. आज हजारो रुग्णांवर केल्या जाणाऱ्या एका उपचाराचा आरंभ या अतिदुर्मिळ रोगात झाला, हे सहसा सांगितले जात नाही. जुळणारे भावंड असलेल्या मुलास आजही रोपण हाच सिद्ध उपाय मानला जातो. जनुकचिकित्सेचा प्रश्न ज्यांना असे भावंड नाही त्यांचा होता.

निराशेच्या या काळात आशेचा आधार प्रयोगशाळेने दिला नाही, काही रुग्णांनीच दिला. फॅन्कोनीच्या थोड्या रुग्णांत असे आढळून येते की रक्ताची स्थिती कोणत्याही उपचाराविना सुधारते, आणि त्यांच्या रक्तपेशी मायटोमायसिनलाही दाद देत नाहीत; त्वचेच्या पेशी मात्र पूर्ववत् सदोष असतात. १९९० नंतरच्या दशकात नेदरलँड्समधील संशोधकांनी याचा उलगडा केला. एखाद्या मूलपेशीत डीएनएची नक्कल होताना आणखी एक चूक होते, आणि ती पहिल्या चुकीची भरपाई करते. हस्तलिखिताच्या लेखकाने एक अक्षर गाळावे आणि पुढच्या नकलकाराने अनवधानाने दुसरे अक्षर घालून वाक्य पुन्हा अर्थपूर्ण करावे, तसा हा प्रकार. पाठचिकित्सा करणाऱ्यास अशी उदाहरणे नवीन नाहीत. या रुग्णांत अशी दुरुस्त झालेली एकच पेशी वर्षानुवर्षे वाढत जाऊन सगळी मज्जा व्यापते, कारण भोवतालच्या सदोष पेशी तिच्यापुढे टिकत नाहीत. २००६ मध्ये जुळ्या भावंडांच्या एका जोडीत हीच गोष्ट दिसून आली, आणि तिला 'नैसर्गिक जनुकचिकित्सा' असे नाव मिळाले.

यातून निघालेला निष्कर्ष फार महत्त्वाचा होता. इतर रक्तरोगांत सुधारलेल्या पेशींना जागा करून देण्यासाठी जुनी मज्जा औषधांनी मोकळी करावी लागते. थॅलॅसेमियाचा पॅरिस येथील पहिला यशस्वी रुग्ण २००७ मध्ये याच मार्गाने गेला. फॅन्कोनीच्या मुलास मात्र ही औषधे सर्वांत जास्त घातक. जर एक दुरुस्त पेशीही कालांतराने सर्व मज्जा भरू शकते, तर औषधांविना, केवळ थोड्याशा सुधारलेल्या पेशी परत देऊन, कार्यभाग साधला पाहिजे. २०१० च्या सुमारास या विषयावर एक आंतरराष्ट्रीय कार्यगट स्थापन झाला आणि त्याने पुढील चाचण्यांची दिशा ठरविली : पेशी शरीराबाहेर शक्य तितका कमी वेळ ठेवाव्यात, आणि जुन्या विषाणूंऐवजी एचआयव्ही विषाणूपासून तयार केलेला नवा वाहक वापरावा. नाल्दिनी, वर्मा व त्रोनो यांनी १९९६ मध्ये विकसित केलेला हा वाहक शेजारच्या जनुकांना सहसा उठवीत नाही. लक्षावधी लोकांचे प्राण घेणाऱ्या विषाणूचे रोगकारक भाग काढून टाकून उरलेल्या सांगाड्याला बालकांच्या सेवेस लावण्यात आले, ही आधुनिक वैद्यकातील एक विलक्षण गोष्ट मानावी लागेल.

माद्रिदमध्ये हुआन बुएरेन, पाउला रिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा वाहक 'ए' जनुकासाठी तयार केला. चाचणी तेथील निन्यो हेसुस या बालरुग्णालयात झाली. बार्सिलोनाचे संशोधकही तिच्यात सहभागी होते. पेशींच्या तुटवड्यावर त्यांनी दोन औषधांचा तोडगा काढला. फिल्ग्रास्टिम मज्जेतील पेशींची वाढ करते, आणि प्लेरिक्साफॉर त्यांची मज्जेवरील पकड सैल करून त्यांना रक्तप्रवाहात उतरविते. तेथून त्या यंत्राने गाळून घेता येतात. जानेवारी २०१६ मध्ये पहिल्या मुलाला त्याच्याच सुधारलेल्या पेशी शिरेतून परत देण्यात आल्या. कोणतेही पूर्वतयारीचे विष त्याला देण्यात आले नाही. रक्त देण्याहून ही क्रिया बाह्यतः निराळी दिसली नसेल.

मग वाट पाहणे आले. कर्करोगाच्या औषधाचा परिणाम आठवड्यांत दिसतो. येथे तो वर्षांत मोजावयाचा होता. रक्तातील सुधारलेल्या पेशींचे प्रमाण आरंभी नगण्य होते. पुढे ते वाढत गेले, अपेक्षेप्रमाणे हळू, परंतु सतत. मुलांच्या मज्जेतील पेशी मायटोमायसिनच्या कसोटीस उतरू लागल्या. १९७३ च्या शोधातून निघालेली निदानाची कसोटी आता उपचाराच्या यशाची कसोटी झाली. पहिल्या चार मुलांचा वृत्तांत २०१९ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये आला. २०२४ च्या अखेरीस 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात सात वर्षांपर्यंतचा पाठपुरावा होता. ज्यांना सुधारलेल्या पेशी पुरेशा मिळाल्या त्यांची रक्तस्थिती स्थिर झाली. ज्यांच्या मज्जेतून फारच थोड्या पेशी निघाल्या होत्या त्यांच्या बाबतीत तसे घडले नाही.

या शेवटच्या वाक्यात सबंध इतिहासाची खरी अडचण साठलेली आहे. बालकांवरील नव्या उपचाराचा धोका पत्करावयाचा तर ज्यांना गमावण्यासारखे थोडे उरले आहे अशांपासून आरंभ करावा, असा नीतिसंकेत आहे, आणि तो मानवताबुद्धीचा आहे. म्हणून पहिल्या मुलांची मज्जा आधीच ढासळू लागलेली होती. परंतु हा उपचार यशस्वी व्हावयाचा तर तो मज्जेत पेशी आहेत तोवर, म्हणजे मूल वरवर पाहता निरोगी असतानाच, द्यावयास हवा. खेळणाऱ्या, धावणाऱ्या मुलाला पहिल्या दर्जाचा अज्ञात धोका कोणत्या आधारावर द्यावयाचा? आणि न द्यावा तर उपचार कुचकामाचा आहे असे सिद्ध होऊन तो सोडून दिला जाण्याचा संभव. संकेत योग्य होता, आणि तरी तो काही मुलांच्या विरुद्ध गेला, असे म्हणणे भाग आहे. पहिल्या मुलांत गंभीर दुष्परिणाम दिसला नाही तेव्हाच पुढील टप्प्यात, स्पेनबरोबर अमेरिकेतील स्टॅनफर्ड व इतर केंद्रांत, रोगाच्या आरंभीच्या अवस्थेतील मुले घेता आली, आणि परिणामही अधिक समाधानकारक दिसले.

एवढे झाल्यावर उपचार रुग्णांपर्यंत पोहोचावयास हवा होता. एका अमेरिकी औषध-कंपनीने तो आपल्याकडे घेतला होता, आणि युरोप-अमेरिकेतील नियंत्रकांपुढे तो मंजुरीसाठी नेला होता. २०२५ मध्ये कंपनीने या कार्यक्रमातून अंग काढून घेतले. कारण सुरक्षिततेचे अथवा परिणामकारकतेचे नव्हते. व्यवसायाचे अग्रक्रम बदलले होते. दुर्मिळ रोगाच्या उपचारास गिऱ्हाईक थोडे, आणि एकदाच द्यावयाचा उपचार पुन्हा विकता येत नाही. हे उदाहरण एकटे नाही. थॅलॅसेमियावरील जनुकौषध २०२१ मध्ये युरोपच्या बाजारातून मागे घेण्यात आले. प्रतिकारशक्तीच्या अभावावरील मिलान येथील औषध कंपन्यांच्या हातांतून फिरत अखेर २०२३ मध्ये इटलीच्या तेलेथॉन या धर्मादाय प्रतिष्ठानाने स्वतःकडे घेतले. शास्त्रज्ञांनी अर्धशतक जे प्रश्न चर्चिले त्यांत विषाणू होता, कर्करोग होता, संमती होती. सिद्ध झालेला उपचार कोणाच्या मालकीचा राहील, हा प्रश्न त्यांत क्वचितच होता.

भारतात या रोगाचे निदान कित्येक वर्षे होत आले आहे. मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात, १९५७ मध्ये रक्तगट-संदर्भकेंद्र म्हणून निघालेली जी संस्था आज राष्ट्रीय रोगप्रतिकार-रक्तशास्त्र संस्था झाली आहे, तेथे गुणसूत्रभंगाची कसोटी केली जाते आणि भारतीय रुग्णांच्या जनुकदोषांवर संशोधनही झाले आहे. भारतीय चित्र युरोपच्या चित्राशी पूर्णतः जुळत नाही. 'एल' या अक्षराच्या जनुकातील एक विशिष्ट दोष दक्षिण आशियातील कुटुंबांत एका समान पूर्वजापासून उतरत आला आहे, असे २०२० मध्ये दाखविण्यात आले. पाश्चात्त्य रुग्णांत 'एल' गट विरळा. माद्रिदचा वाहक 'ए' जनुक वाहून नेतो. 'एल' दोषाच्या मुलास तो निरुपयोगी आहे, आणि त्यासाठी नवा वाहक, नवी चाचणी, नवे नियामक लागतील. मामेबहिणीशी अथवा भाचीशी विवाह ज्या कुळांत रूढ आहे तेथे असे अप्रभावी दोष दोन्ही बाजूंनी एकत्र येण्याचा संभव वाढतो. यावर बोलताना जातीजातींकडे बोट दाखविण्याची सवय आपल्या समाजात आहे, ती मात्र सोडली पाहिजे. दोष जनुकाचा असतो, कुळाचा नव्हे.

अस्थिमज्जारोपण भारतात १९८३ पासून, मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील पहिल्या यशस्वी रोपणापासून, उपलब्ध आहे, आणि फॅन्कोनीच्या मुलांवरही ते अनेक केंद्रांत केले जाते. जनुकचिकित्सेची चाचणी या रोगासाठी भारतात झालेली नाही.

गुणसूत्रात कायमचा मिसळून जाणारा वाहक ज्यांना दिला जातो त्यांच्यावर पंधरा वर्षे लक्ष ठेवावे असा नियंत्रकांचा संकेत आहे. माद्रिदच्या पहिल्या मुलाची पंधरा वर्षे २०३१ मध्ये पुरी होतील.